आजाऱ्याचे शेत आधी

॥ श्री त्र्यंबकराज प्रसन्न ॥

नाशिक
आषाढ शुद्ध पौर्णिमा, शके १९४७
१० जुलै २०२५

चि. उज्वला हिस निवृत्तीमामाचे अनेक आशीर्वाद.

जी ब्रह्मगिरीवरून उतरताना पुण्यवान कोण आणि पापी कोण हे विचारीत बसत नाही, त्या गोदामाईची कृपा तुझ्यावर आणि परक्या देशातील तुझ्या चुलीवर अखंड राहो. तिचे स्मरण केल्यावाचून आजचा मजकूर लेखणीतून उतरणार नाही, कारण तो कडू आहे. शेजारची सायली या कागदांचे फोटो काढून तुझ्याकडे पाठवील आणि तुझे उत्तर छापून मला आणून देईल. फोनवर मला हे बोलता येत नाही. बोललो तर आवाज चढतो.

तुझ्या आईला, म्हणजे माझ्या धोंडाबाईला, गेल्या आठवड्यात मंगळवारी गावी पोचवले. गोठ्यात पाय घसरून खुबा मोडला, त्याची शस्त्रक्रिया इथे नाशकात सरकारी कार्डावर झाली, एवढे तुला ठाऊक आहे. हाडे ठिसूळ असल्याने सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. मी म्हटले, माझ्या घरी राहा. ती म्हणाली, "तिसऱ्या माळ्यावर मला टांगून ठेवनार का, दादा? आवणीला मी गावात पायजे. माझं शेत लावताना मी डोळ्यानं बघनार." म्हणून घोटीच्या पुढे दोन कोस गाडीत आडवी घालून नेली.

आता जे घडले ते ऐक. लहानपणी त्या चिखलात रांगेत तूही उभी राहिली आहेस, तेव्हा सावड म्हणजे काय हे तुला सांगायला नको. तरी लिहितो, कारण जे मोडले ते काय होते हे कागदावर राहिले पाहिजे. अकरा घरे, रोज एका घराचे शेत, सगळ्यांचे हात. मजुरी नाही, फक्त दुपारचे जेवण. आणि आपल्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलेला एक शब्द: आजाऱ्याचे शेत आधी. ज्या घरात माणूस आडवे झाले, त्या घरचे भात सर्वांत आधी लागायचे.

यंदा दहा शेते लागली. धोंडाबाईचे राहिले.

तिची खाट खिडकीशी आहे. चार दिवस ती रांग बांधावरून पुढे जाताना तिने पाहिली. शेजारची अक्काबाई तिला दोन वेळची भाकरी आणून देते, आणि तीच अक्काबाई आपल्या सुनेला सोमनाथच्या शेतात पाठवते. मी सोमनाथला गाठले. सावडीचा कारभारी तोच. माझा विद्यार्थी. त्याने मान खाली घातली आणि एका जुन्या निर्णयाकडे बोट दाखवले. तो काय होता हे लिहून तुझा जीव आणखी कडू करीत नाही. एवढेच म्हणतो की ज्यांच्या बारशापासून बाराव्यापर्यंत मी उभा राहिलो, त्यांनी मला फसवले.

आज गुरुपौर्णिमा. सकाळपासून जुने विद्यार्थी फुले घेऊन येत होते. मी आशीर्वाद देत होतो आणि मनात विचारीत होतो, यांतला कोण उद्या पाठ फिरवील?

तुमच्या डेन्मार्कात म्हणे म्हातारे आईबाप सरकारच्या दारात नेऊन टाकतात. पूर्वी मी प्रवचनात हे सांगून लोकांना हसवीत असे. आता कोणत्या तोंडाने हसवू?

योगेशच्या कारखान्याचा विमा आईच्या पुढच्या शुश्रूषेला लागतो का, हे त्याला विचार. आणि तू परदेशी गेल्यापासून दर आषाढात तो, भाऊ म्हणून, तुमच्या घराच्या वतीने सावडीला जात असेलच. तरीही या लोकांनी असे करावे?

तुझा मामा,
निवृत्ती


आर्हुस
१३ जुलै २०२५

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

पत्र तीनदा वाचले. तिसऱ्यांदा बसमध्ये वाचत होते आणि उतरायचा थांबा चुकला.

मी आत्ता किर्स्टन आजींकडून आले. वय एक्याण्णव. नगरपालिका मला त्यांच्याकडे दिवसातून दोनदा पाठवते. त्यांना कुशीवर वळवायचे, पाठ पुसायची, न्याहारी द्यायची. आज त्यांना वळवताना माझे हात थांबले. त्यांनी विचारले, काय झाले? मी म्हटले, काही नाही. माझ्या आईची पाठ घोटीजवळ एका खाटेवर तशीच पडली आहे आणि मी इथे हिला वळवते आहे, हे डॅनिश भाषेत कसे सांगायचे मला कळले नाही.

मामा, "टाकतात" असे म्हणू नका. तुमचे म्हणणे अर्धे खरे आहे. किर्स्टन आजींचा मुलगा वीस मिनिटांवर राहतो आणि नाताळाला येतो. पण अर्धे खोटेही आहे. त्या माझे आभार मानत नाहीत. सुरुवातीला मला राग यायचा. मग कळले की त्यांना आभार मानावे लागत नाहीत, हेच त्यांचे सुख आहे. आयुष्यभर पगारातला मोठा हिस्सा हाती पडण्याआधीच कापला गेला, माझाही जातो. तो कोणासाठी गेला हे कोणी विचारले नाही, आणि आज त्या पडल्या तर तुम्ही कोणासाठी काय केलेत हेही कोणी विचारत नाही. इथे राहता, एवढे पुरते. माझी एक मैत्रीण जर्मनीत आहे. ती म्हणते, तिकडे नोकरीवर बरेच काही ठरते. ज्याने कामावर असताना वर्गणी भरली त्याचा हक्क भक्कम. आपल्याकडे, जो चिखलात आला त्याचा. प्रत्येक ठिकाणी रिंगण आहे, फक्त ते कशाने आखले आहे ते वेगळे.

या रिंगणालाही कुंपण आहे. आईला इथे आणता येईल का, हे मी कचेरीत जाऊन विचारले. बाईने फार गोड आवाजात सांगितले की नवरा चालतो, लहान मूल चालते, म्हाताऱ्या आईसाठी वाट नाही. त्यांच्या आईला मी वळवते, माझ्या आईला त्यांच्या दारातही उभे करत नाहीत. त्या कचेरीबाहेर मी रडले नाही. रडायला पाहिजे होते.

योगेशला फोन केला. तो म्हणाला, "ताई, विम्यात एकाच जोडीची नावं घालता येतात. आईबाप नाहीतर सासूसासरे. सासऱ्यांना बायपास सांगितलीय. आईला सरकारी कार्ड आहे ना?" मी म्हटले, कार्डावर शस्त्रक्रिया झाली रे, कार्ड तिला रोज कुशीवर वळवायला येत नाही. तो म्हणाला, "तू तरी कुठं येतेस?"

मामा, तो जुना निर्णय कोणता? कोणी दिला होता?

तुमची,
उज्वला


नाशिक
आषाढ वद्य सप्तमी
१७ जुलै २०२५

चि. उज्वला हिस आशीर्वाद.

योगेशला मी ओझरहून बोलावून घेतले. तो आला, उंबऱ्यातच उभा राहिला, पाणीसुद्धा घेतले नाही. मी विचारले, "बाबा रे, बहीण परदेशी गेल्यावर घराची पाळी तू राखायची होतीस. राखलीस का?" तो म्हणाला, "मामा, मी कंत्राटावर आहे. तीन दिवस गैरहजर राहिलं की यादीतून नाव जातं. सुरुवातीची वर्षं गेलो. मागची दोन वर्षं नाही गेलो."

दोन वर्षे! तुझ्या घराची जागा त्या रांगेत दोन वर्षे रिकामी होती, आणि मला कोणी सांगितले नाही. धोंडाबाई एकटी वाकून दोन माणसांचे काम ओढत होती. साठी उलटलेली बाई.

शास्त्रकारांनी माणूस जन्मतःच ऋणी मानला आहे. देवांचा, ऋषींचा, पितरांचा, आणि ज्यांच्यामध्ये तो राहतो त्या माणसांचाही. हे चौथे ऋण दूर राहून फिटत नाही. तुझ्या नगरपालिकेची वाखाणणी मी वाचली. ज्या घासामागे कोणाचा चेहरा नाही, तो घास मला थंड वाटतो. सावडीत जो माझ्या बांधावर आला त्याचा चेहरा मला ठाऊक असतो. आणि म्हणूनच जो आला नाही त्याचाही ठाऊक असतो. घेणाऱ्याने आधी द्यावे, यात अन्याय कोणता? तू आणि योगेशने तुमची जागा राखली असती तर आज कोणाची जीभ उचलली नसती.

मागे ज्याविषयी विचारलेस ती जुनी गोष्ट आहे. तिच्यात शिरण्याचे आता प्रयोजन नाही.

आईच्या पाठीवर तांबूस डाग दिसू लागला आहे, असे अक्काबाई म्हणते. वाफ्यातले रोप पिवळे पडते आहे. दोन्हीकडे दिवस मोजून उरले आहेत.

निवृत्तीमामा


आर्हुस
२० जुलै २०२५

मामांस नमस्कार.

तुम्ही सांगितले नाहीत म्हणून मी सोमनाथदादाला विचारले. तो जे बोलला ते जसेच्या तसे लिहिते, म्हणजे माझ्याकडून काही वाढले असे व्हायला नको.

"उज्वला, आमच्यावर कशाला डाफरतीस? पाच वर्षांमागं पाड्यावरचा भिका तीन दिस सावडीला आला नाय. बायको तानुबाई नाशकाला दवाखान्यात हाय म्हनून सांगायचा, आन् लोकांनी त्याला दुसऱ्याच्या शेतात रोजानं लावनी करताना बघितला. आमचं भांडान झालं. आमी मास्तरांना बोलावलं. मास्तर मारुतीच्या देवळात तासभर बोललं. म्हनले, देन्याघेन्यावर जग उभं हाय, जो देत नाय त्याला मागायचा हक नाय, मग त्यो आजारी असो का धडधाकट. आमी टाळ्या वाजवल्या. नारळ दिला, शाल दिली. भिकाचं घर सावडीतून काढलं. त्याचं रोप वाफ्यातच कुजलं. बाराचं आकरा घरं झाली. आता आकराचं दहा. आमी काय नवं केलं?"

मामा, तुम्ही मला कारण सांगितले नाहीत, कारण ते कारण तुम्ही स्वतः होतात. आणि सतरा तारखेच्या पत्रात तुम्ही तोच दंडक पुन्हा काढून माझ्या आणि योगेशच्या डोक्यात घातलात. सोमनाथदादाने निदान मान खाली घातली होती.

लहानपणी तुम्ही जेवणाआधी अंगणात घास ठेवायचात. मी विचारले होते, कोणत्या कावळ्यासाठी? तुम्ही म्हणालात, "काकबळी ठेवताना कावळ्याचे नाव विचारायचे नसते, पोरी." इथे पहिल्यांदा पगारातून कर कापला गेला तेव्हा मला ते वाक्य आठवले. म्हणूनच मी कुरकुर केली नाही. तुमच्याकडून शिकलेली गोष्ट मी इथे रोज जगते आहे, आणि तुम्ही ती देवळात मोडून शाल घेतलीत.

माझेही लपवलेले सांगते, नाहीतर हे पत्र खोटे ठरेल. योगेश जात नाही हे मला ठाऊक होते. आईने शपथ घातली होती, "दादाला सांगू नको, त्याची मान खाली जाईल." मी यंदा रजा घेऊन येऊ शकले असते. वास्तव्याचे दिवस मोडू नयेत म्हणून आले नाही. इथे पूर्ण निवृत्तिवेतनाला चाळीस वर्षांचा रहिवास लागतो, आणि मी माझ्या म्हातारपणाचे दिवस जपत बसले.

आईला यातले किती ठाऊक आहे?

उज्वला


गावाहून, धोंडाबाईच्या घरून
आषाढ अमावास्या
२४ जुलै २०२५

चि. उज्वला हिस.

आशीर्वाद लिहिण्यास आज हात धजत नाही. शेवटी लिहीन, जमले तर.

सोमनाथ बोलला त्यात एक अक्षर खोटे नाही. त्या शालीची घडी माझ्या कपाटात आहे. तानुबाई खरोखर रुग्णालयात होती की नाही, हे मी त्या दिवशी कोणालाही विचारले नाही. माझ्याकडे दृष्टान्त तयार होता, आणि दृष्टान्त जुळला की वक्त्याला साक्षीदार नकोसे होतात. जन्मभर मी कावळ्याला नाव न विचारता घास दिला आणि माणसाला हिशेब विचारून.

तुझे पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बिऱ्हाड बांधून इथे आलो; कागद आता एसटीने सायलीकडे जातात. आधी धोंडाबाईपुढे बसलो आणि सगळे सांगितले. मला वाटले होते ती रडेल. ती आढ्याकडे बघत म्हणाली, "मला काय सांगतोस? मी तवा देवळात बाप्यांच्या मागं बसले होते. तू बोललास तवा मी बी व्हय म्हनले होते. माझा भाऊ बोलतोय म्हनून." मग तोंड भिंतीकडे फिरवले. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. पाणी हवे असेल तर अक्काबाईला हाक मारते. अक्काबाई नसेल तर तहानेली राहते.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात सगळ्यांना बोलावले. मी उभा राहून म्हणालो की माझा निर्णय अधर्म होता, मी तो मागे घेतो, आजाऱ्याचे शेत आधी हाच खरा नियम. कोणी टाळी वाजवली नाही. सोमनाथ उठला.

"मास्तर, रागावू नका. तवा बी तुमीच बोललात, आता बी तुमीच. भिकाचं रोप कुजलं तवा तुमाला धरम दिसला नाय, भैनीचं पिवळं पडल्यावर दिसला. उद्या माझ्या घरचं कुनी पडलं तर तुमी तिसरं काय सांगाल, याचा काय भरवसा? माजं आयका, आता आमाला शब्दच नको. ज्याचं त्यानं बघावं. पुढल्या साली सावडच नाय."

मागून कोणीतरी म्हणाले, "ट्रॅक्टर हाय, मजूर हाय, कशाला पायजे भानगड." दहा माणसे एकेक करून छत्र्या उघडून गेली. म्हणजे मी भिकाला बाहेर काढले, आणि आता सावडच बाहेर गेली.

काल पाड्यावर चढून गेलो. गुडघ्यांनी वाटेत दोनदा बसवले. भिका ओसरीत खुरप्याला मूठ बसवीत होता. मला पाहून तो उठला नाही. त्यांच्यात लहानथोर सगळ्यांना एकेरीच बोलतात, पण काल ते एकेरी मला माझ्या मापाचे वाटले.

"बस मास्तर. भिजलास."

मी क्षमा मागितली. बोलता बोलता सवयीने दृष्टान्ताकडे वळू लागलो. तानुबाई आतून आली आणि म्हणाली, "कथा नको सांगू. तवा बी कथाच सांगितलीस." मग सुपातले तांदूळ निवडत बोलत राहिली. "मी नाशकाला खाटेवर पडले व्हते. ह्यो माझ्या उशाला नव्हता. का नव्हता? औषध आनाया रोजानं परक्याच्या चिखलात व्हता. गाव म्हनं भिका लबाड. तू इचारलं का येक डाव? घोटीवरून नाशिक काय लांब हाय तुला? तिथंच तर ऱ्हातो तू."

मी राहतो तिथून ते रुग्णालय रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे, उज्वला.

मी म्हणालो, "सावड मोडली. आपण नवी करू. पहिले घर तुमचे, दुसरे धोंडाबाईचे." भिका हसला, वाईटपणाने नाही, थकून. म्हणाला, "बाय आडवी पडलीय, तिची लावनी करू आमी. पाच जनं येऊ. पन रोजानं. सावडीनं नाय."

"का रे?"

उत्तर तानुबाईने दिले. "सावड रुसती, मास्तर. रोजाचा पैका रुसत नाय. संध्याकाळी हातावर पडला का संपलं. मंग कुनी देवळात बोलवीत नाय."

मी रोज ठरवून उठलो. आज दिव्याची अवस. घरातले दिवे घासून पाटावर मांडले, पण धोंडाबाईने तिकडे पाहिले नाही. पाठीवरचा डाग आता रुपयाएवढा आहे. मला एकट्याला तिला वळवता येत नाही.

निवृत्ती


आर्हुस
२७ जुलै २०२५

मामा,

मी अजून रागात आहे. पण डाग रुपयाएवढा झाला असेल तर रागाला वेळ नाही. नीट वाचा आणि तसेच करा.

जुनी सुती साडी चौपदरी घडी करून आईच्या खाली घाला, खांद्यापासून मांडीपर्यंत. दोन माणसे लागतील, एक इकडे, एक तिकडे. साडी मुठीत गुंडाळून धरा, अंगाजवळ. हाताने आईला ओढायचे नाही, साडी ओढायची. गुडघ्यांमध्ये उशी द्या, म्हणजे मोडलेला खुबा आत वळणार नाही. चांगल्या कुशीवर वळवून पाठीशी दुसरी उशी. जागेपणी दर दोन तासांनी, झोपेत निदान दोनदा. डाग चोळू नका, तेल लावू नका. कोरडा ठेवा. कातडी फाटली तर त्याच दिवशी डॉक्टर. वळवण्याआधी तिला सांगा की आता वळवतो आहोत. न सांगता हात लावला की म्हातारे माणूस घाबरते आणि अंग ताठ करते.

दुसऱ्या माणसासाठी तानुबाईंना विचारा. रोजाने. त्या हो म्हणाल्या तर उपकार समजू नका आणि उपकार करतो असेही दाखवू नका. मलाही इथे कामाचे पैसेच मिळतात, मामा. त्याने माझा हात खोटा होत नाही.

नोव्हेंबरात महिनाभर येते आहे. वास्तव्याचे दिवस मोडले तर मोडले.

योगेशशी बोलणे झाले. तो रविवारी येऊन जाईल म्हणतो. मी वाट बघत नाही.

उज्वला


गावाहून
श्रावण शुद्ध पौर्णिमा
९ ऑगस्ट २०२५

चि. उज्वला हिस आशीर्वाद. आज लिहितो.

भिका, तानुबाई आणि पाड्यावरची आणखी तिघे आली. दोन दिवसांत शेत लागले. रोप जून झाले होते, फुटवा कमी येणार हे मला न शिकवताही दिसते. निम्मे पीक आले तरी पुष्कळ. दुपारचे जेवण मी वाढायला गेलो, तर त्यांनी आपली फडकी सोडली. भाकरी आपापली आणली होती. मी आग्रह केला. भिका म्हणाला, "जेवान सावडीत असतं, मास्तर." मी पातेले तसेच परत नेले.

त्या दोन दिवसांत बांधावरून बाकीच्या दहा घरांपैकी कोणी फिरकले नाही. दुसऱ्या दिवशी सोमनाथ मात्र रस्त्यावर मोटारसायकल थांबवून बराच वेळ उभा होता. चिखलात उतरला नाही. माझी नजर गेली तशी त्याने गाडी चालू केली. त्याच्यावर रागावण्याचा माझा अधिकार मीच पाच वर्षांपूर्वी नारळाबरोबर देऊन बसलो आहे.

योगेश रविवारी आला. फळे ठेवली, आईच्या पायाला हात लावला, अर्ध्या तासाने गेला. जाताना मला म्हणाला, "मामा, पुढच्या वर्षी विम्यात आईचं नाव घालतो." धोंडाबाई म्हणाली, "पुढल्या साली तुझा सासरा मेला तर घाल." तो हसला. ती हसली नाही.

तुझी साडीची रीत आम्ही आता चोख करतो. तानुबाई सकाळी येते, मग दुपारी, मग दिवेलागणीला. मधल्या वेळी अक्काबाईची सून पाच मिनिटे येते, सासूच्या नकळत. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तानुबाई. पहिल्या दिवशी मी साडीऐवजी धोंडाबाईचा दंड धरला, तर तानुबाई ओरडली, "मानूस वढू नको, कापड वढ!" पुष्कळ वर्षे प्रवचने केली, पण इतके नेमके वाक्य माझ्या तोंडून गेले नव्हते. ती आली की तिच्या तोंडाला पदर आणि हाताला घाई असते. बसत नाही, चहा घेत नाही. संध्याकाळी रोजाचे पैसे मोजून घेते आणि जाते. एकदाही उशीर झाला नाही. घाटात दरड पडून गाड्या थांबल्या त्या दिवशीही पाड्यावरून उतरून आली. मी म्हणालो, "आज आली नसतीस तरी चालले असते." ती म्हणाली, "तुला चाललं असतं." आणि साडीचे टोक माझ्या हातात दिले.

मागे मी लिहिले होते की ज्या घासामागे चेहरा नाही तो थंड. आता वाटते, चेहरा ओळखून दिलेला घास किती लवकर परत हिसकावता येतो हे मला पाहायचे नव्हते. तुझे राज्य, जर्मनांचे राज्य, आपली सावड, यांत श्रेष्ठ कोण हे सांगण्याचा मोह मला अजून होतो. सांगत नाही. माझ्या सांगण्याने काय होते ते मी पाहिले आहे.

डाग फिका पडला. कातडी फाटली नाही. डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवसांनी काठी धरून उभी करू.

आज राखीपौर्णिमा. गेल्या वर्षापर्यंत सकाळी सातला धोंडाबाईचा फोन यायचा, "दादा, येतोस का मी येऊ?" आज मी आंघोळ करून, संध्या उरकून, तिच्या खाटेजवळ पाटावर बसलो. कोनाड्यात अक्काबाईच्या नातीने आणून ठेवलेला दोरा होता. दोघांनाही तो दिसत होता. तानुबाईला यायला अजून वेळ होता.

धोंडाबाई म्हणाली, "दादा, हात दे."

अठरा दिवसांनंतर माझ्याशी बोललेला पहिला शब्द. मी उजवे मनगट पुढे केले. अस्तनी वर सारली.

ती म्हणाली, "राखी नाय रे. कूस भरलीय. वळव."

मी म्हणालो, "आता वळवतो आहे हं." तू सांगितलेस तसे. एकट्याने साडीचे टोक मुठीत घेतले, गुडघा खाटेला टेकवला, आणि वळवले. निम्मीच वळली. तेवढ्यात दारात तानुबाई आली. ओल्या पायांनीच आत येऊन तिने दुसरे टोक धरले. राखी अजून कोनाड्यातच आहे. मी मागितलेली नाही.

जेवणाआधी अंगणात घास ठेवला. कावळा आला. मी नाव विचारले नाही.

ब्रह्मगिरीवरून उतरणारी ती माय आता पुराने गढूळ झाली आहे. तरी तिच्याच साक्षीने लिहितो. हे पत्र तू वाचशील, छापणारी सायली वाचील, उद्या कदाचित योगेश, सोमनाथ आणि न ओळखीचे कोणी वाचतील. वाचणारा जो कोणी असेल, तो ज्या दिवशी पडेल, त्या दिवशी तू कोणाकडे गेला होतास असे त्याला कोणी न विचारो. त्याच्या खाटेच्या दोन्ही बाजूंना माणूस असो, आणि त्याचे शेत आधी लागो.

तुझा मामा,
निवृत्ती